धूर, विस्तव आणि न्हाणीघर : बंबापासून गिझरपर्यंत बिघाडाच्या निदानाचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, तत्त्वज्ञानाचा माणूस न्हाणीघरात कसा काय शिरला? आमचं उत्तर असं की आम्ही शिरलो नाही, तर्कशास्त्र तिथे आधीपासूनच बसलेलं आहे. न्यायदर्शनातले सगळ्यात गाजलेले अनुमान म्हणजे डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी तिथे विस्तव आहे. त्याला दाखला कुठला देतात? स्वयंपाकघराचा. उलट दाखला तळ्याचा, जिथे विस्तव नाही आणि धूरही नाही. हजार-दीड हजार वर्षे आपले पंडित चुलीकडे बोट दाखवून तर्क शिकवत आले. तेव्हा आज घरातल्या विस्तवाबद्दल बोलू या. तो नीट चालत नसेल तर काय बिघडले हे माणसाने कसे ओळखले, आणि ओळखण्याच्या या रीती कशा बदलत गेल्या, एवढाच आजचा इतिहास आहे.

‘निदान’ हा शब्द मराठीत दोन कामे करतो. रोगाचे मूळ कारण शोधणे म्हणजे निदान. आणि ‘निदान एवढं तरी करा’ म्हणतो तेव्हा कमीत कमी म्हणजे निदान. गिझर बिघडला की आपण बहुतेक दुसऱ्या अर्थाचे निदान करतो. कमीत कमी काहीतरी बदलून टाकतो.

थंड देशांत अख्खे घर तापवतात. रोमन लोकांनी जमिनीखाली पोकळी ठेवून भट्टीची गरम हवा तिच्यातून आणि भिंतींतल्या नळ्यांमधून फिरवली. आज इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांच्या घरी एका ठिकाणी बॉयलर असतो आणि त्याचे गरम पाणी नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या लोखंडी पट्ट्यांत फिरते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात याची गरज पडली नाही. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर भागात पौष-माघात पहाटे चांगलाच गारठा असतो, पण ऊन वर आलं की घर आपोआप तापतं. इथे तापवायचे असते ते पाणी. म्हणून आपल्याकडचा घरगुती बॉयलर म्हणजे बंब.

बंब हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या ‘बोंबा’चा अर्थ पाणी उपसण्याचा पंप. मराठीत त्याची दोन लेकरे झाली. एक आगीचा बंब, जो विस्तव विझवतो, आणि दुसरा न्हाणीतला बंब, ज्याच्या पोटातच विस्तव असतो. भाषेला अशा गमती करायला आवडतं.

तरुण श्रोत्यांपैकी अनेकांनी पेटता बंब पाहिला नसेल, म्हणून रचना सांगतो. तांब्याचे उभे पिंप. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत आरपार नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. विस्तव नळीत, पाणी नळीभोवती. नळीच्या वरच्या तोंडातून धूर निघून जातो, आणि गरम हवा वर चढते म्हणून खालून ताजी हवा आपसूक ओढली जाते. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला तर ज्वाळेचा मोठा भाग बाजूने वाया जातो. इथे ज्वाळ पाण्याच्या कुशीत असते. आमच्या भागात त्यात कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीची ढलपी, गोवऱ्या जायच्या. म्हणजे शेतातला कचरा सकाळी आंघोळीचे पाणी तापवत असे.

पाणी घ्यायची एक तऱ्हा फार सुंदर होती. काही बंबांना पाणी ओतायचे नरसाळे असे आणि त्याची नळी थेट तळापर्यंत गेलेली असे. वरून एक तांब्या गार पाणी ओतले की तेवढेच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडायचे. गार पाणी जड, ते तळाशी राहते. गरम हलके, ते वर जाते. गार खालून ढकलते, गरम वरून निघते. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला गिझरपाशी पुन्हा लागणार आहे.

आता बिघाड. बंब बिघडला तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला मिस्त्री लागत नसे. का, तर बंबाची प्रत्येक तक्रार डोळ्यांना, नाकाला, कानाला कळत होती. धूर वरून न जाता खालच्या तोंडातून न्हाणीत भरू लागला, तर वाट अडली आहे. मग पाहायचे, राखेने जाळी बुजली की काजळीने नळी अरुंद झाली. राख ओढून फरक पडला तर प्रश्न मिटला, नाही पडला तर काठीला चिंधी बांधून नळी झाडायची. धूर वरूनच जातोय पण पांढरा, दाट आणि डोळे झोंबवणारा आहे, तर सरपण ओले. काळा आणि चिकट, तर सरपण ठासून भरले आहे, वाऱ्याला जागा नाही. विस्तव चुरचुरतो आणि मध्येच विझतो, तर आतली नळी गळते. याची खात्री करायची युक्ती साधी होती : सकाळी पेटवण्याआधी राख चिमटीत धरून पाहायची. राख ओली असेल तर गळती आतून. राख कोरडी आणि बुडाशी बाहेर ओल असेल, तर दोष तोटीच्या सांध्यात. एका चिमूटभर राखेने दोन शक्यतांपैकी एक कायमची बाद होते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली कारणे शोधण्याच्या पद्धती नावे देऊन मांडल्या आणि आम्ही त्या चाळीस वर्षे वर्गात शिकवल्या, पण या राखेपेक्षा चांगले उदाहरण आम्हाला पुस्तकात सापडले नाही.

एक बिघाड मात्र घरच्याघरी निस्तरत नसे. बंबात पाणी नसताना पेटवला तर सांध्याचा झाळ सुटायचा. तांबे वितळायला हजार अंशांहून अधिक उष्णता लागते, पण कथील-शिशाचा मऊ झाळ दोनशे अंशांच्या आतच पाघळू लागतो. पाणी असते तोवर धातू शंभराच्या फार वर जात नाही, कारण उकळणारे पाणी उष्णता उचलून नेत असते. पाणी संपले की राखणदार गेला. मग बंब डोक्यावर घेऊन तांबटाकडे जायचे.

आता या सगळ्यात तर्क कुठे आहे ते पाहू. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. न्याय शिकणारा विद्यार्थी आजही तिथूनच सुरुवात करतो. या परंपरेत एक बारकावा आहे. ‘जिथे धूर तिथे विस्तव’ हे खरे. पण ‘जिथे विस्तव तिथे धूर’ हे खोटे. कशावरून? लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडी गोळा बघा. विस्तव आहे, धूर नाही. मग धूर होतो कशाने? नैयायिक सांगतात, ओल्या इंधनाने. विस्तवाचा ओल्या इंधनाशी संबंध आला तरच धूर. ही जी लपलेली अट, तिला ते ‘उपाधी’ म्हणतात.

वर्गात हे सांगितलं की मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि विसरायची. पण बंब पेटवणाऱ्या बाईला उपाधी पाठ असायची. पावसाळ्यात पऱ्हाट्या ओसरीत आणून ठेवणे म्हणजे उपाधी दूर करणे, दुसरं काय! आणि त्या उलट्या विधानाचा खोटेपणा, म्हणजे धूर नसला तरी विस्तव असू शकतो, हा वरवर पाहता पंडिती कीस वाटतो. पुढे तो माणसांच्या जिवाशी कसा येऊन भिडतो ते सांगणार आहोत.

त्याआधी खामगावला थोडे थांबू. एकोणिसाव्या शतकात खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ झाली. १८७० साली जलंब-खामगाव हा आगगाडीचा फाटा कापसासाठीच सुरू झाला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर वाफेचे बॉयलर आले. घरचा बंब आणि कारखान्याचा बॉयलर तत्त्वाने चुलतभाऊ, पण एक फरक प्राणघातक आहे. बंबाचे तोंड उघडे. पाणी उकळले तर वाफ निघून जाते. बॉयलर बंद, वाफ साठते, दाब वाढतो, आणि पत्रा कुजला असेल तर फुटतो. म्हणून सरकारने १९२३ साली बॉयलरचा कायदा केला. नोंदणी, ठरावीक मुदतीने तपासणी, तपासणीसाचा दाखला. बंबाला असा कायदा लागला नाही, कारण तो स्वतःच सगळं सांगून टाकत होता. जे यंत्र बोलते त्याला तपासणीस लागत नाही. मुकी यंत्रे आली की तपासणीस, दाखले, धोक्याचे दिवे या सगळ्यांची गरज सुरू होते.

गिझर हे मुके यंत्र आहे.

विजेचा गिझर म्हणजे बंबच, फक्त विस्तवाच्या जागी तारेची कॉइल आणि वर झाकण पक्के बंद. गार पाणी खालून आत येते. गरम पाणी नेणारी नळी आत उभी असते आणि तिचे तोंड थेट वर, टाकीच्या माथ्याशी. नरसाळ्याच्या बंबाचाच न्याय. कुणी जोडणी करताना आत-बाहेरच्या नळ्यांची अदलाबदल केली, किंवा आतली उभी नळी मोडली, तर गिझर तापतो, दिवा लागतो, विझतो, सगळं ठीक, आणि नळाला पाणी मात्र कोमटच. लोक कॉइल बदलतात. कॉइलचा काय दोष? गरम पाणी माथ्यावर अडकून बसलेले असते.

आता पाण्याचा प्रश्न. आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा अशा दोन भागांत राहतो; बोली, पीक, उन्हाळा सगळं वेगळं. पाणीही वेगळं. घाटावर काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. जड पाणी तापवले की त्यातला विरघळलेला चुना घट्ट होऊन गरम जागेवरच बसतो. घाटाखाली पूर्णेच्या गाळाच्या मैदानात खारपाणपट्टा आहे : शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूची कितीतरी गावे त्यात येतात, पुढे तो अकोला-अमरावतीकडे पसरतो. तिथे पाण्यात क्षार जास्त. खारे पाणी वीज चांगली वाहते आणि म्हणून धातू लवकर खाते. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी मुद्दाम ठेवलेली असते, ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. आमच्या अनुभवात दहा घरांपैकी नऊ घरांना अशी कांडी आहे हेच ठाऊक नसते. ती पूर्ण झिजली की पाणी टाकीचे लोखंड खायला लागते. टाकी गळाली की आपण म्हणतो, माल हलका होता. माल हलका असेलही, पण आधी कांडी शेवटची कधी बदलली ते विचारा.

म्हणजे एकाच बनावटीचा गिझर चिखलीत चुन्याने आजारी पडतो आणि संग्रामपुरात गंजाने. यंत्राचा आजार पाण्याच्या इतिहासातून येतो. इथे एक गैरसमज मात्र दूर करू. ‘कॉइलवर चुना बसला म्हणून पाणी उशिरा तापते’ असे सर्रास म्हणतात. सरपणाच्या बंबाला ते लागू आहे, कारण तिथे न शोषलेली उष्णता नळीतून वर निघून जाते. विजेची कॉइल पाण्यात पूर्ण बुडालेली असते. तिची उष्णता जाणार कुठे? चुन्याच्या थरातून का होईना, पाण्यातच. चुन्याने कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते, किंवा थर्मोस्टॅटला चकवा बसून तो लवकर बंद होतो. पण दिवा सतत चालू असूनही पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो, याचे कारण चुना नव्हे.

मग काय? आमच्या घरचेच उदाहरण घ्या. गावाकडच्या घरी दोन हजार वॅटचा पंधरा लिटरचा गिझर आहे. वीस अंशांचे पाणी साठ अंशांपर्यंत न्यायला त्याला साधारण एकवीस मिनिटे लागायला हवीत. हा हिशेब शाळकरी आहे, दहावीचा मुलगा करील. एका हिवाळ्यात पहाटे पस्तीस मिनिटे लागू लागली. मिस्त्री दुपारी आला, म्हणाला, “सर, कॉइल गेली आहे, आत चुना किती बसलाय पाहा.” चुना खरेच होता. कॉइल बदलली, चालू केले, वीस-बावीस मिनिटांत पाणी कढत. मिस्त्री खूश, घरचे खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पस्तीस मिनिटे.

याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. कॉइल बदलली आणि पाणी तापले, दोन्ही घडले. पण एकामुळे दुसरे घडले असे ठरत नाही, कारण आणखी एक गोष्ट बदलली होती : पहाटेची दुपार झाली होती. आम्ही पहाटे मल्टिमीटर लावून पाहिले. व्होल्टेज एकशे ऐंशी. दुपारी दोनशे तीसच्या आसपास. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे १८० झाले की दोन हजार वॅटचे उरतात जेमतेम बाराशे, आणि एकवीस मिनिटांची चौतीस होतात. आणि पहाटे व्होल्टेज का पडते? हरभरा-गव्हाचे दिवस, शेतीच्या विजेची रात्रपाळी, त्याच डीपीवर विहिरींचे पंप चालू. तिकडे कुणीतरी कडाक्याच्या थंडीत, अनवाणी, दंड फोडत उभा होता, म्हणून आमचे आंघोळीचे पाणी तेरा मिनिटे उशिरा तापत होते. बिघाड गिझरमध्ये नव्हताच. शिवाराच्या वेळापत्रकात होता. तक्रार कोण कुणाची करणार? आम्ही गिझर तेरा मिनिटे आधी लावू लागलो.

अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो हाच. कारण असताना कार्य असते हे पाहणे म्हणजे अन्वय, आणि कारण नसताना कार्यही नसते हे पाहणे म्हणजे व्यतिरेक. मिस्त्रीने अन्वयावर काम भागवले. व्यतिरेकाला पहाटे उठावे लागते. मिस्त्रीला आम्ही दोष देत नाही; सकाळी पाचला बोलावलं तर येणार कोण, आणि त्याला नुसत्या निदानाचे पैसे देणार कोण? आपण पैसे देतो ते बदललेल्या वस्तूचे. ‘काहीही बिघडलेलं नाही’ एवढं सांगून गेलेल्या माणसाला शंभर रुपये देताना आपला हात जड होतो. ही आमची तक्रार जरा विषयाबाहेरची आहे, पण असू द्या.

आता ज्यासाठी हे व्याख्यान योजले तिथे येतो. गिझर हा शब्द आइसलंडमधल्या एका उसळत्या गरम झऱ्याच्या नावावरून आला. हे नाव पाणी तापवण्याच्या यंत्राला दिले बेंजामिन वॅडी मॉन या लंडनच्या माणसाने. पेशाने तो रंगारी होता. १८६८ साली त्याने गॅसच्या ज्वाळेने वाहते पाणी तापवणारे यंत्र काढले. त्या यंत्रात एक उणीव होती. जळालेल्या वायूला बाहेर जायला धुरांडेच नव्हते. आपल्या तांबटाने बंबाला न मागता दिलेली मधली नळी, म्हणजे वरून जाणारी वाट, ती तिथे नव्हती. जळलेली हवा न्हाणीघरातच राहायची.

दीडशे वर्षांनंतर आपल्या गावोगावी गॅसचे छोटे गिझर आले. विजेचा भरवसा नाही, बिल मोठे, आणि सिलिंडर घरात आहेच. लोकांनी घेतले यात नवल नाही. ते लावले कुठे? तीन फूट बाय चार फुटांच्या न्हाणीत. झरोका होता त्याला थंडी लागते म्हणून पुठ्ठा लावलेला. दार बंद. म्हणजे १८६८ सालची उणीव आपण भिंती बांधून नव्याने तयार केली. असे गिझर वापरताना बंद न्हाणीत बेशुद्ध पडून माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. नवविवाहित जोडपी, शाळेत जाणारी मुले. आतून आवाज येईनासा होतो, दार फोडतात, तोवर उशीर झालेला असतो.

घडते ते असे. ज्वाळेला पुरेशी ताजी हवा मिळाली तर गॅस पूर्ण जळतो. छोट्या बंद खोलीत प्राणवायू झपाट्याने कमी होतो, मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच हे चिकटणे दाखवून दिले होते. आधी डोके जड होते, मळमळते, पाय गळतात. माणसाला वाटते, कढत पाण्याने चक्कर आली. त्याला बसावेसे वाटते. बसतो आणि उठत नाही.

पाहा, तर्क कुठे चुकला. बंबाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या एक सवय लावली : काही बिघडले तर धूर होईल. धूर नाही, म्हणजे सारे ठीक. नैयायिक हेच ओरडून सांगत होते की धूर नसण्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण धूर ओल्या इंधनाने होतो आणि गॅस हे ओले इंधन नाही. तो लालबुंद लोखंडी गोळा आता आपल्या न्हाणीच्या भिंतीवर टांगलेला आहे. वासाचेही तसेच. “गॅसचा वास आला असता की!” असे लोक म्हणतात. सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य घालतात. ते न जळलेल्या गॅसची वर्दी देते. जळताना तेही जळून जाते. तेव्हा वास नाही याचा अर्थ एवढाच की गळती नाही. अर्धवट ज्वलनाबद्दल ते मौन आहे.

या मरकॅप्टनची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण तर्काच्या इतिहासात तिला जागा हवी. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी एक शाळा गॅसच्या स्फोटाने कोसळली. शाळा तापवण्यासाठी वापरायचा नैसर्गिक वायू तळघरासारख्या पोकळीत साठत होता आणि बिनवासाचा असल्याने कुणाला कळला नाही. तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक मुले. त्यानंतर वायूला वास देण्याचे कायदे झाले. न्यायाच्या भाषेत धूर हे विस्तवाचे लिंग, म्हणजे खूण. इथे निसर्गाने खूण दिली नव्हती, ती माणसाने बनवून घातली. खाणीतला पिवळा कॅनरी पक्षीही तसाच. जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने खाणीतल्या स्फोटात मेलेल्या कामगारांचा अभ्यास केला, बरेच जण भाजून नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने गेले हे दाखवले, आणि छोटे प्राणी सोबत न्यायचा सल्ला दिला. पक्षी माणसाच्या आधी कोलमडतो. क्रूर वाटते, पण ती जिवंत खूण होती.

इंग्लंडात तापवलेल्या घरांत आज तीच जागा एका छोट्या भोंग्याने घेतली आहे. भाड्याच्या घरात बॉयलरसारखे स्थिर ज्वलनयंत्र असेल तर तिथे कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा लावणे घरमालकावर २०२२ पासून बंधनकारक आहे. तिकडे राहणाऱ्या श्रोत्यांना बाकीचे बिघाड घरी पाहता येतात. खोलीतली पट्टी वरून गार, खालून गरम, तर आत हवा अडकली आहे, किल्लीने ती सोडा. खालून गार, वरून गरम, तर तळाशी गाळ आहे. बॉयलर स्वतः मात्र उघडू नका. त्याला परवानाधारक माणूस लागतो, आणि इथे आमचा कायद्याला पाठिंबा आहे.

आपल्याकडे भोंगा अजून फारसा कुणी लावत नाही. मग उरलेल्या खुणा कोणत्या? ज्वाळेचा रंग. ती निळी हवी. पिवळी, लांबट, हलती झाली किंवा वरच्या पत्र्यावर काजळी धरली तर हवा कमी पडते आहे किंवा बर्नर बुजला आहे. तिथेच बंद करा. पण निळी ज्वाळ पाहून निर्धास्त होऊ नका, कारण दार लावताना निळी असलेली ज्वाळ दहा मिनिटांनी निळी असेलच असे नाही, आणि डोक्यावर पाणी घेणारा माणूस ज्वाळेकडे पाहत नसतो. म्हणून यंत्र न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावायचे आणि फक्त पाण्याची नळी आत घ्यायची. न्हाणीत आधीच लावलेला असेल तर बादली दार उघडे ठेवून भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, मग आंघोळीला बसायचे. झरोक्याचा पुठ्ठा आजच काढा.

वेळ संपत आली आहे, प्रश्न घेऊ. मागून एका ताईंचा प्रश्न आला आहे : घरात जुना बंब आहे, मोडीत घालावा का? ताई, तांब्याला भाव चांगला येतो, पण आम्हाला विचाराल तर घालू नका. सुरकुत्या गेल्या असतील, तोटी गळत असेल, तर सांधा झाळून घ्या, चिंच लावून घासा आणि वापरा. फक्त अंगणात, आभाळाखाली. आणि पाणी तापल्यावर नळीत जे निखारे उरतात, बिनधुराचे, छान लाल, ते घमेल्यात घेऊन रात्री माजघरात ठेवायची पद्धत काही घरांत आहे, ऊब येते म्हणून. तो तोच लोखंडी गोळा. ते निखारे बाहेरच पाणी टाकून विझवा.

पुढचा प्रश्न कोणाचा?